सापाचा रंग कोणासाठी?

ही कात हातोहात पुढे जाऊ द्या, मंडळी. धामणीची आहे, इथेच एका कुटाराच्या ढिगाजवळ सापडली. उजेडाकडे धरून बघा. रंग दिसतो का? जवळपास नाहीच. रंगाच्या पेशी खालच्या जिवंत कातडीत राहतात, निघतो तो वरचा पातळ थर. आता तोंडाकडचा भाग बघा. डोळ्याच्या जागी भोक नाही, गोल, फुगीर, आरपार दिसणारा खवला आहे. सापाला पापण्या नसतात, हा खवलाच डोळा झाकतो आणि कातीबरोबर उतरतो. कात टाकायच्या आधी तो दुधाळ निळसर होतो, सापाला धड दिसत नाही. असा साप बिचकलेला असतो, त्याच्या वाटेला जाऊ नये.

आता रंग. झुडपात लोंबणारा हिरवागार हरणटोळ तुम्ही पाहिला असेल. त्याच्या अंगात हिरवं रंगद्रव्य नसतंच. वर पिवळं रंगद्रव्य, त्याखाली निळा उजेड परत फेकणारे बारीक स्फटिक, दोन्ही मिळून हिरवा.

घोणस चित्रात किती ठसठशीत दिसते! तपकिरी अंग, त्यावर काळ्या कडांच्या गोल ठिपक्यांच्या तीन ओळी. तीच सागाच्या पाल्यात बसली की पायाशी असून दिसत नाही. आपली नजर वस्तूची कड शोधते, आणि हे ठिपके सापाची कडच मोडून टाकतात. ससाण्याला, मुंगसाला आणि उंदरालाही चकवायला हा रंग आहे. त्यावर तिचा इतका भरवसा की माणूस जवळ आला तरी ती हलत नाही. फार तर कुकरसारखी फुसफुसते. सोयाबीन कापताना हात पडतो तो असाच.

मण्यार आणि कवड्या यांत तर भले भले फसतात. मण्यारीचे पांढरे पट्टे बारीक, बरेचदा जोडीने, आणि मानेपासून काही अंतर सोडून सुरू होतात, शेपटीकडे ठळक होत जातात. बिनविषारी कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होतात. लोक मला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवतात, तोही नेमका मधल्या भागाचा! डोळ्याच्या बाहुलीवरूनही ओळखू नका. उभी बाहुली म्हणजे विषारी, असं पोरं सांगतात. घोणशीची उभी असते खरी, पण नाग आणि मण्यार यांची गोल असते, आणि गरीब दुतोंड्याची उभी.

तर साप काय पाहतो? दिवसा रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी आपल्या डोळ्यात असतात. बहुतेक सापांत दोनच: एक निळ्या-अतिनील उजेडाची, दुसरी हिरव्या-पिवळ्याची. लाल त्यांना वेगळा उठून दिसत नाही. लाल लुगडं पाहून नाग चवताळतो, ही नुसती वावडी. रात्री फिरणाऱ्या बऱ्याच सापांच्या डोळ्यातलं भिंग अतिनील उजेड आत येऊ देतं, दिवसा शिकार करणाऱ्या बऱ्याच सापांचं तो अडवतं. हरणटोळाची बाहुली आडवी असते आणि तोंड निमुळतं, त्यामुळे समोरचा सरडा त्याला दोन्ही डोळ्यांनी एकदम दिसतो, अंतराचा अंदाज येतो. मेळघाटातल्या हिरव्या चापड्याची गोष्ट आणखी न्यारी. डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये त्याला एक खळगा असतो, त्याने तो अंधारात उंदराच्या अंगाची ऊब टिपतो. अजगराच्या ओठांवरही असे खळगे असतात. घोणशीला नसतात.

"मास्तर, मंग जोडीदारीण डोयात फोटू धरते म्हन्तेत, ते खोटं हाय काय?"

खोटंच, काकाजी. कोणाचं तोंड लक्षात ठेवून सूड घ्यावा इतकं सापाचं डोकं नाही. साप जोडीने संसारही करत नाहीत, मिलनापुरते भेटतात. मारलेल्या जागी दुसरा साप येतो कधी कधी, कारण मिलनाच्या काळात मादीच्या गंधाचा माग नर जिभेने काढतो. तो तुमच्यासाठी येत नाही. आणि नाग पुंगीच्या सुरावर डोलत नाही, हलणाऱ्या पुंगीवर नजर ठेवून असतो.

मागून बाईंनी विचारलं, चावलेला साप दवाखान्यात न्यायचा का? नका नेऊ, बाई. सापामागे पळण्यात वेळ जातो, आणि मारताना आणखी कोणाला तरी चावतो. आपल्याकडे मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर मिळून एकच असतं. डॉक्टर रक्त गोठतं का, पापण्या जड झाल्या का, हे पाहून ठरवतात. मण्यारीचा दंश तर कित्येकदा कळतही नाही. खाली झोपलेला माणूस पहाटे उठतो, पोटात दुखतं म्हणतो, डोळे उघडत नाहीत म्हणतो. तेव्हा डाग शोधत बसू नका, गाडी काढा.