टॅन लावण्याआधीची आंघोळ

नमस्कार श्रोतेहो. शरीरसौष्ठव स्पर्धांचे दिवस जवळ आले की व्यायामशाळेत पोरं एकच विचारतात, "सर, टॅन घरी लावला तर चालंल का?" टॅन म्हणजे अंगाला तपकिरी रंग देणारं लोशन. तो घरी लावला तर चालतो. फक्त बाटली उघडण्याआधी अंग घासून स्वच्छ करायचं. हे मी आज दोन-तीनदा सांगणार आहे.

स्टेजवरच्या झगझगीत दिव्यांत उजळ अंगावरची स्नायूंची कोरीव ठेवण दिसेनाशी होते, गडद रंगावर ती उठून दिसते. म्हणून टॅन. त्यात असतं डीएचए, म्हणजे डायहायड्रॉक्सीॲसिटोन. साखरेच्या जातीचा हा पदार्थ कातडीच्या अगदी वरच्या, मेलेल्या थरातल्या अमिनो आम्लांशी मिळून तपकिरी रंग धरतो. तव्यावरची भाकरी तांबूस होते ना, तसलीच ही प्रक्रिया, पण आचेशिवाय. 1950च्या दशकात अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात संशोधक इवा विटगेनस्टाइन लहान मुलांना हे औषध म्हणून पाजत होत्या. सांडलेल्या थेंबांनी कातडीवर तपकिरी डाग पडले, कपड्यांवर मात्र पडले नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आलं. आज कोडाचे डाग झाकायलाही काही जण हेच वापरतात, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही.

आता कोल्हापुरातल्या शुक्रवार पेठेतल्या पोराची गोष्ट. पोरगं कष्टाळू. पावडरीच्या डब्यांमागं न लागता गंगावेशीत जाऊन म्हशीचं धारोष्ण दूध पिणारं. मला विचाराल तर निम्म्या पोरांनी डबे सोडून तिकडंच जावं, पण तो विषय वेगळा. स्पर्धेच्या आदल्या रात्री त्यानं मोरीत उभं राहून टॅन फासला. अंगाला मालिशचं तेल तसंच, हातात मोजे नाहीत, आणि लगेच झोपला.

पहाटे आजी उठल्या. नातवाचे तळवे नारिंगी, कोपरं काळी, पाठीवर ओघळ. मला फोन आला, "मास्तर, पोराला कावीळ झालीया बघा! डोळं पांढरं हाईत, पर हात पिवळं पडल्यात!" मी म्हणालो, "आजी, कावीळ नव्हे, रंग आहे तो." एवढं ऐकलं आणि त्यांनी फोन ठेवला.

मी पोचेपर्यंत आजींनी मसुरीचं पीठ सायीत कालवून नातवाला पाटावर बसवलं होतं. उजवा हात आणि अर्धी पाठ घासून झालेली. पोरगं एका बाजूनं गव्हाळ, दुसऱ्या बाजूनं तपकिरी, डोळ्यांत पाणी. "आज्जी, सांजंला स्टेज हाय गं!" आजी म्हणाल्या, "मग असल्या रंगानं जाणार हाईस व्हय?"

मी म्हणालो, "आजी, थांबू नका. सगळं अंग असंच घासा." रंग मेलेल्या थरात बसतो, तो थर निघाला की रंगही निघतो. आजींनी मान, गुडघे, घोटे सगळं काढलं. मग साबणानं साय धुतली, कारण तेलकट अंगावर टॅन सारखा बसत नाही. अंग पुरतं कोरडं झाल्यावर कोपर, गुडघे, घोटे यांना हलकं मॉइश्चरायझर लावलं. तिथली कातडी जाड, ती रंग जास्त ओढते. मोजे घालून मी पातळ हात दिला, पाठ मात्र आजींनी केली. दोन-चार तासांत रंग दिसायला लागला, संध्याकाळी दिव्यांत एकसारखा दिसला. त्याचा नंबर आला नाही. आजी पुढच्या रांगेत बसून ओरडत होत्या, त्याला काही तोड नव्हती. आता आमच्याकडची पोरं स्पर्धेआधी पाठ घासून घ्यायला त्यांच्याकडेच जातात.

तर पुन्हा सांगतो, आधी घासणं. दाढी, वॅक्सिंग एक दिवस आधी. लावल्यावर सहा-आठ तास पाणी, घाम, घट्ट कपडे टाळा. पूर्ण रंग चढायला दिवस लागतो, आणि आठवडाभरात तो आपोआप उतरतो. फवारा असेल तर तोंड, नाक, डोळे झाका, श्वासात जाऊ देऊ नका.

आणि हे आईबापांनी नीट ऐका. टॅन म्हणजे उन्हापासून संरक्षण नव्हे. रंग चढला तरी ऊन तितकंच लागतं, सनस्क्रीन लावायचीच. गोरं होण्याची मलमं तर पोरांच्या हातात देऊच नका. दुकानातून न विचारता आणलेल्या कित्येकांत स्टिरॉइड असतं, त्यानं कातडी पातळ होते, याचा मला फार राग येतो.

नवीन बाटली आणली की आधी हाताच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस बघा. खाज, पुरळ आलं तर वापरू नका. खरूज, जखम, इसब असेल तर त्वचेच्या डॉक्टरांना आधी दाखवा. नमस्कार.