शेपटीवरच्या १२१ खुणा

ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा. इथल्या युद्धस्मारकाच्या संग्रहात एका जर्मन विमानाच्या शेपटीचा उभा पत्रा जपून ठेवलाय. त्यावर रांगेनं रंगवलेल्या खुणा मोजत जा. १२१ भरतात. एक खूण म्हणजे पाडलेलं एक विमान. आणि ब्रिटिशांच्या लँकेस्टर बॉम्बरमध्ये माणसं असायची सात.

या खुणा दुसऱ्या महायुद्धातला जर्मन वैमानिक हाइन्झ-वोल्फगांग श्नाउफर याच्या. जन्म १९२२, दक्षिण जर्मनीतलं काल्फ गाव. घरचा धंदा वाइनचा. जून १९४२मध्ये, जेमतेम विशीत, त्यानं बेल्जियमच्या आकाशात पहिलं ब्रिटिश बॉम्बर, हॅलिफॅक्स, पाडलं.

रात्रीची ही शिकार एकट्याची नव्हती. त्याच्या मेसरश्मिट ११० या लढाऊ विमानात मागे रुम्पेलहार्ट बसायचा, रडारच्या पडद्यावर नजर लावून. गेन्सलर अंधारात डोळे ताणून सावली शोधायचा. सावली दिसली की श्नाउफर हळूच तिच्या पोटाखाली शिरायचा आणि वेग जुळवायचा. विमानाच्या पाठीवर तोफा बसवलेल्या, तोंड वर आकाशाकडे. नेम पंखातल्या पेट्रोलच्या टाक्यांवर, कारण पोटातले बॉम्ब फुटले तर तोही संपला असता. बहुतेक लँकेस्टरना खालच्या बाजूला तोफच नसे. खाली कुणी आलंय, हे वरच्यांना आग लागेपर्यंत कळायचंही नाही. ते वाचताना आजही घशाशी येतं.

२१ फेब्रुवारी १९४५. पहाटेआधी दोन लँकेस्टर पडली. त्याच दिवशी रात्री पावणेनऊच्या सुमाराला श्नाउफर पुन्हा बॉम्बरांच्या ओघात शिरला आणि १९ मिनिटांत आणखी सात पाडली. एका दिवसात नऊ. तेव्हा तो २३ वर्षांचा होता, आणि एका अख्ख्या रात्र-लढाऊ दलाचा प्रमुख. हिरेजडित नाइट्स क्रॉस हे जर्मन शौर्यपदक त्याला आधीच मिळालं होतं.

हा पराक्रम म्हणून सांगताना जीभ अडखळते. ब्रिटिश बॉम्बर कमांडची ५५,५७३ माणसं या युद्धात गेली, त्यांत हजारो ऑस्ट्रेलियनही होते. आणि त्यांच्या बॉम्बखाली हॅम्बर्गसारखी शहरं माणसांसकट जळत होती.

मे १९४५मध्ये श्नाउफर ब्रिटिशांच्या हाती सापडला. चौकशी झाली, सुटका झाली, आणि तो घरच्या वाइनच्या धंद्यात परतला. जुलै १९५०मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोजवळ त्याच्या मोटारीची ट्रकशी टक्कर झाली. ट्रकवरचे वायूचे सिलिंडर त्याच्यावर कोसळले. दोन दिवसांनी तो इस्पितळात वारला. काल्फच्या मातीतच त्याला पुरलं.