मानेतली गुठळी आणि चारशे किलोमीटरवरचा डॉक्टर

श्रोतेहो, नमस्कार.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर दोनेक महिने राहिलेल्या एका अंतराळवीराच्या मानेची सोनोग्राफी चालू होती. दुखणं काहीच नव्हतं. एका संशोधनासाठीची ती तपासणी होती. तिच्यात मानेच्या डाव्या बाजूच्या मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी दिसली.

आपण उभे असतो तेव्हा डोक्याकडचं रक्त गुरुत्वाकर्षणामुळे सहज खाली हृदयाकडे उतरतं. अंतराळात ते मानेच्या शिरांमध्ये रेंगाळतं. याच संशोधनातल्या ११ जणांपैकी सहा जणांच्या शिरेत रक्त थबकलेलं किंवा चक्क उलटं वाहणारं आढळलं.

मग नासाने नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातले रक्तगुठळ्यांचे तज्ज्ञ डॉ. स्टीफन मोल यांना विचारलं. पेच अवघड होता. उपचार नाही केले, तर गुठळी सुटून फुप्फुसात जाण्याची भीती. रक्त पातळ करणारं औषध दिलं आणि रुग्णाला कुठे मार लागून आत रक्तस्राव सुरू झाला, तर तिथे शस्त्रक्रिया कोण करणार? तरीही औषध द्यायचं ठरलं. स्थानकावर एनॉक्सापॅरिनच्या इंजेक्शनचा साठा मोजकाच होता. तो पुरवायचा म्हणून मध्येच मात्रा कमी केली. सुमारे ४० दिवसांनी मालवाहू यानातून अ‍ॅपिक्साबॅन या रक्त पातळ करणाऱ्याच दुसऱ्या औषधाच्या गोळ्या पोहोचल्या. तोवर रुग्ण स्वतःच स्वतःला इंजेक्शन देत होता आणि पृथ्वीवरच्या तज्ज्ञांच्या सांगण्यानुसार स्वतःच सोनोग्राफी करत होता. मला सर्वांत मोठं वाटतं ते हेच. डॉक्टरांचा हात रुग्णाला लागलाच नाही. रुग्णाचेच हात त्यांनी कामाला लावले.

उतरण्याच्या चार दिवस आधी गोळ्या थांबवल्या. परतल्यावर पुढच्या उपचारांची गरज पडली नाही. हे सगळं २०२० साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, रुग्णाचं नाव न सांगता. तेही योग्यच झालं.

पण स्थानक आपल्यापासून फक्त चारशे किलोमीटरवर आहे. तिथून डॉक्टरांच्या घरी थेट फोन लागला होता! मंगळ दूर असतो तेव्हा तिथे संदेश पोहोचायलाच वीस मिनिटांहून जास्त लागतात, आणि मागून औषधाचं यान येत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: मंगळाच्या यानात एक तरी डॉक्टर हवाच, शिवाय रक्त पातळ करणाऱ्या औषधासोबत त्याचा उताराही पहिल्या दिवसापासून हवा. या रुग्णाला अ‍ॅपिक्साबॅन सुरू केलं, तेव्हा त्याचा उतारा स्थानकावर नव्हता.