नागली, आजी आणि खिडकीतली पट्टी

(कणीस कापणारे हात, जवळून)

कळसूबाईच्या पायथ्याशी नागली काढणीला आली आहे. कणीस मुठीत धरायचं, विळ्याने मान कापायची, पाटीत टाकायचं. दाणा मोहरीएवढा, विटकरी रंगाचा. कोकणात हिला नाचणी म्हणतात; अकोले तालुक्याच्या या डोंगरात नागलीच.

जमीन वरकस, उताराची. उन्हाळ्यात शेण, पाला, फांद्या पसरून राब भाजला. त्या राखेवर पावसाच्या तोंडी बी टाकलं, रोप वीतभर झालं तशी आवणी केली. आवणीला आम्ही पोचलो नाही. चिखलात वाकलेली ती माणसं पडद्यावर दिसणार नाहीत.

मळणी मात्र पुरी सापडली. वाळलेली कणसं खळ्यावर काठीने झोडायची आणि सुपाने वारा द्यायचा. वारा पडला की काम थांबतं. आम्हीही थांबलो.

(सुपातून उडणारा भुसा, मागून ऊन. निवेदन नाही.)

आजींनी पंच्याहत्तरी ओलांडली आहे. नागलीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो, म्हणून आधणाचं पाणी ओतून उकड घ्यायची, मग परातीत तळहाताने रगडायची. थापताना कडेला चीर पडली, की ओलं बोट फिरतं आणि चीर बुजते. पाहा, न बघता फिरतं.

१०० ग्रॅम नागलीत कॅल्शियम ३५० मिलिग्रॅमच्या आसपास. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात जेमतेम १०. पाळी गेल्यानंतर बाईला हाडांसाठी दिवसाला १२०० लागतं असं धरतात. म्हणजे भाकरीच्या जोडीला दूध, ताक, पालेभाजी हवीच. नागलीतलं फायटेट नावाचं द्रव्य या कॅल्शियमला अडवून धरतं. रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणले की फायटेट कमी होतं. आजी आंबीलीसाठी हेच करतात, फायटेटचं नाव न घेता.

(मोड आलेले दाणे, फडकं सोडताना)

आता खिडकीतली ही गोळ्यांची पट्टी. ब-१२ जीवनसत्त्वाची. नागलीत ते नाही, कुठल्याच धान्यात नाही. दूध, अंडी, मासे, मटण यांतून मिळतं. आजी माळकरी, आणि दूध चहापुरतं. शिवाय वयाबरोबर पोटातलं आम्ल कमी पडलं, की अन्नातलं ब-१२ नीट सुटतही नाही. डॉक्टरांनी रक्त तपासून ही गोळी दिली आहे, ती घ्यायलाच हवी.

दुकानातल्या जीवनसत्त्वांच्या चकचकीत डब्यांचं तसं नाही. अमेरिकेत ‘व्हायटल’ चाचणीत २५,८७१ जण होते. निम्म्यांना सुमारे पाच वर्षं रोज ड जीवनसत्त्व दिलं, निम्म्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी. कर्करोग होण्याचं किंवा हृदयविकाराच्या झटक्यांचं प्रमाण घटलं नाही. हाडं मोडण्याचंही नाही, हे २०२२ मध्ये छापून आलं. ज्याच्या अंगात कमतरता आहे त्याची गोष्ट वेगळी. सरसकट सगळ्यांना गोळी देऊन फार काही हाती लागलं नाही. आमचा कल कुठे आहे हे एव्हाना कळलंच असेल.

हाडं जपायची ती यासाठी: म्हातारपणी खुबा मोडला, तर पुष्कळ माणसं पुन्हा पहिल्यासारखी चालत नाहीत.

(तव्यावर भाकरी फुगते)

पापुद्रा सुटला. आजी त्यावर लसणाचा ठेचा ठेवतात आणि कॅमेऱ्याकडे पाहतात.

‘ते यंत्र ठेव बाजूला. गार व्हायच्या आत खा.’