आलो गं आई, दोन मिनिटं

[पडदा काळा. फक्त हेडफोनमधले आवाज.]

रात्रीचे सव्वानऊ वाजलेत. चौघांचा स्क्वाड आहे, मी, माझी मावसबहीण आणि दोन रँडम, म्हणजे गेमने जोडून दिलेले अनोळखी खेळाडू. गेमचं नाव घेत नाही, कारण हे कुठल्याही गेममध्ये झालं असतं. बहीण नॉक होते, म्हणजे गोळ्या लागून खाली पडते, साथीदाराने उठवलं तरच वाचणार. ती माइक ऑन करते आणि म्हणते, "मुझे रिवाइव करो, मैं दीवार के पीछे हूँ." एवढंच. मुलीचा आवाज ऐकला आणि दोघांतला एक रँडम सुरूच झाला. ती का खेळते इथपासून ते थेट आईबहिणीपर्यंत, एक मिनिटभर, न थांबता. ते शब्द इथे ऐकवणार नाही.

आणि मग त्याच्याच माइकमधून, मागून कुठूनतरी, एका बाईंचा आवाज आला. "अरे बाळा, ताट वाढलंय, पोळ्या गार होतायत."

तो मराठीत म्हणाला, एकदम मऊ आवाजात, "आलो गं आई, दोन मिनिटं."

ते ऐकून मी हादरलो. शिव्यांची सवय झालीये हो, ती होतेच. पण ज्या तोंडातून आत्ता ते सगळं बाहेर पडलं त्याच तोंडातून "गं आई" पण येतं, आणि दोन्ही तितकंच खरं वाटतं, हे मला झेपलं नाही. बहिणीने माइक बंद केला. मी पण काही बोललो नाही. हे आज सांगतोय कारण तेव्हा बोलायला हवं होतं.

[गेमचा नकाशा वरून दिसतो. पाच निळे ठिपके, पाच लाल.]

एरवी नीट बोलणारा माणूस गेममध्ये असा का होतो? हाच प्रश्न लॉस एंजेलिसच्या रायट गेम्स या गेम बनवणाऱ्या कंपनीला पडला होता. 2009 मध्ये त्यांनी लीग ऑफ लेजंड्स हा गेम काढला. पाच विरुद्ध पाच, पाचही जण बरेचदा अनोळखी, मॅच अर्धा-पाऊण तास चालते आणि मधेच सोडून गेलात तर शिक्षा. एकाने चूक केली की भोगायचं बाकी चौघांनी, तेही शेवटपर्यंत. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये कॅच सोडला तरी शिव्या बसतातच की, पण उद्या सकाळी दुधाच्या पिशवीला गेल्यावर तोच माणूस समोर येणार असतो, म्हणून जीभ जरा आवरली जाते. इथे उद्या नाहीच. मॅच संपली, माणूस गायब.

जॉन सुलर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 2004 मध्ये यावर लेख लिहिला होता, की पडद्याआड माणसाची आवर सुटते. पण त्याने दुसरी बाजू पण लिहिली होती, तीच लोक विसरतात. आवर सुटली की माणूस घाण बोलतो तसा मोकळा पण होतो, अनोळखी माणसाला मनातलं सांगतो, मदत करतो. रात्री दोन वाजता कुणीतरी परक्या मुलाला अर्धा तास बसून गेममधला स्मोक, म्हणजे धुराचा बॉम्ब, कसा टाकायचा ते शिकवलेलं मी स्वतः ऐकलंय.

[कॉम्प्युटरचा पडदा. एका मॅचचं चॅट, ओळीवर ओळ.]

2011 मध्ये रायटने एक भारी गोष्ट केली. ट्रिब्युनल. म्हणजे पंचायतच. कुणाविरुद्ध खूप रिपोर्ट आले की त्याची केस इतर खेळाडूंसमोर यायची. तुम्ही लॉगिन करायचं, समोर त्या मॅचमधलं सगळं चॅट, कोण किती वेळा मेला, कोणी काय विकत घेतलं, रिपोर्ट करणाऱ्यांनी काय लिहिलं, आणि खाली दोन बटणं. शिक्षा किंवा माफी.

मला ही कल्पना अजून आवडते. कारण तिथे बसल्यावर ते चॅट थंड डोक्याने वाचावं लागतं. मॅचच्या धुंदीत जे "चलता है" वाटतं ते कागदावर वाचल्यासारखं समोर आलं की कसं दिसतं! आणि खेळाडूंनी काय केलं? वंशावरून, समलिंगी लोकांवरून दिलेल्या शिव्यांना सगळ्यात जोरात नाकारलं. म्हणजे "गेमिंग असंच असतं, सगळ्यांना चालतं" हे जे आपण ऐकत आलोय ते बहुतेकांना चालत नव्हतंच, ते फक्त गप्प होते.

मग अडलं कुठे? वेळेत. केस जमा होणार, मतं पडणार, निकाल लागणार, तोपर्यंत त्या मुलाला आपण कुठल्या मॅचमध्ये काय बोललो ते आठवत पण नसायचं. 2014 मध्ये ट्रिब्युनल बंद झालं आणि 2015 मध्ये मशीनकडे काम गेलं, मॅच संपल्यावर 15 मिनिटांत निकाल, सोबत तू काय बोललास त्याचा पुरावा.

यामागे रायटमधले जेफ्री लिन होते, शिक्षणाने न्यूरोसायन्सवाले, म्हणजे मेंदूचा अभ्यास केलेले. त्यांच्या टीमने आकडे काढले आणि त्यातला एक माझ्या डोक्यातून जात नाही. सतत वाईट वागणारे जे खेळाडू असतात ना, ज्यांना बॅन करा म्हणून आपण ओरडतो, त्यांच्याकडून एकूण घाणीतली फक्त साधारण 13 टक्के येत होती. उरलेली 87 टक्के अशा लोकांकडून, जे एरवी नीट वागतात. दिवस वाईट गेला, बॉसने झापलं, मागची मॅच हरली, आणि राग इथे निघाला. म्हणजे ताट वाढलेल्या घरातला तो मुलगा. कधीतरी मी पण.

म्हणून त्यांनी माणसं हाकलण्यापेक्षा जागा बदलून बघितली. विरोधी टीमशी होणारं चॅट आधीपासूनच बंद ठेवलं, हवं त्याने सेटिंगमध्ये जाऊन चालू करायचं. एका क्लिकचा अडथळा. वाईट चॅट 30 टक्क्यांहून जास्त कमी झालं आणि चांगलं चॅट जवळपास 35 टक्के वाढलं, आणि चॅटचा एकूण वापर साधारण तेवढाच राहिला. अजून एक केलं, चुकलेल्या साथीदाराला त्रास दिलात तर तो अजून वाईट खेळेल, अशी ओळ लाल अक्षरांत दाखवली. अपशब्द 11 टक्के कमी झाले. नुसत्या लाल रंगाने! हीच ओळ पांढऱ्या अक्षरांत दाखवली तेव्हा असा परिणाम दिसला नाही.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. याच कंपनीवर तिथे काम करणाऱ्या बायकांनी भेदभावाचा खटला भरला होता आणि डिसेंबर 2021 मध्ये कंपनीने 10 कोटी डॉलर देऊन तो मिटवायचं कबूल केलं. खेळाडूंना वागणूक शिकवणाऱ्या घरातच हे चालू होतं. म्हणून ते प्रयोग खोटे ठरत नाहीत, पण सगळं कंपनीवर सोपवून आपण मोकळं व्हायचं, हे मला पटत नाही.

[मोबाइल धरलेले दोन हात. अंगठे हलतायत.]

आणि आपल्याकडे तर बहुतेक खेळणं मोबाइलवर, बोलणं माइकवर. चॅट साठवता येतं, शोधता येतं. आवाज हवेत जातो, आणि तोही हिंदी, मराठी, तमिळ, पंजाबी सगळं एकात मिसळलेलं. कॉल ऑफ ड्यूटी या गेमने नोव्हेंबर 2023 मध्ये आवाज ऐकून शिव्या ओळखणारी सिस्टीम जगभर आणली, तेव्हा आशिया वगळून. म्हणजे आपल्या मॅचमध्ये त्या वेळी पंच नव्हताच. होतो ते आपण चौघे.

आता कुणी म्हणेल, मग काय गोड गोड बोलत बसायचं का? अजिबात नाही. मॅच आहे, जोरात बोलावंच लागतं. "तू लवकर घुसलास, कव्हर यायच्या आधी" हे कडक आहे, पण त्यात पुढच्या राउंडला वापरता येईल असं काहीतरी आहे. "तू नूब आहेस, अनइन्स्टॉल कर", म्हणजे तू कच्चा आहेस, गेम काढून टाक, यात काय आहे? ऐकणारा आता गेम बघतच नाही, तो स्वतःला सांभाळत बसतो. माझी बहीण नंतर तीन-चार महिने माइक बंद ठेवून खेळली. शत्रू दिसला तरी सांगायची नाही, फक्त नकाशावर पिंग टाकायची, पिवळी खूण. टुक. टुक. समोरून चौघे येतायत आणि ती नुसती टुक टुक.

मग एका रविवारी परत तेच. चौथ्याने तिचा आयडी वाचला, मुलगी आहे हे कळलं, सुरू झाला. या वेळी मी माइक ऑन केला. आवाज थरथरत होता माझा. म्हटलं, "भाई, ती चांगली खेळतेय, तू गेम बघ."

दोन सेकंद काहीच नाही. मग तिसरा, जो आख्खी मॅच एक शब्द बोलला नव्हता, तो म्हणाला, "हाँ यार, सही बोल रहा है. छोड़ ना, ज़ोन आ रहा है."

चौथा गप्प झाला. सॉरी नाही म्हणाला, पण गप्प झाला आणि ज़ोनपासून, म्हणजे आकसत येणाऱ्या हद्दीपासून वाचायला आमच्यासोबत पळायला लागला.

आणि मग माझ्या हेडफोनमध्ये खट्कन आवाज आला, माइक चालू झाल्याचा.

"दादा, डावीकडे दोघं आहेत. त्या पिवळ्या घराच्या मागे."