कमी फीमध्ये पूर्ण तपासणी

(विद्यापीठाच्या प्रशिक्षण क्लिनिकबद्दल नागपुरात शिक्षक आणि पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

देशात कुठेही लहान मुलाच्या बौद्धिक अक्षमतेची तपासणी झाली, की त्याच्या फाइलमध्ये बहुतेक वेळा एक फॉर्म सापडतो. मूल स्वतःच्या हाताने जेवतं का, बटणं लावतं का, दुकानातून सांगितलेली वस्तू आणतं का, असं आईला विचारत विचारत तो भरायचा असतो. हे व्हाइनलँड सोशल मॅच्युरिटी स्केल. त्याच्या भारतीय रूपाला मानसशास्त्रज्ञ आजही ‘नागपूर अ‍ॅडॅप्टेशन’ म्हणतात, कारण ते १९६० च्या दशकात डॉ. ए. जे. मालिन यांनी आपल्या नागपूरच्या चाइल्ड गायडन्स सेंटरमध्ये तयार केलं. मुलांचा बुद्ध्यांक काढायची ‘मिसिक’ ही चाचणीही त्यांचीच. जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारने अध्ययन अक्षमतेच्या, म्हणजे बुद्धी असूनही वाचन, लेखन किंवा गणित अडतं त्याच्या, प्रमाणपत्राचे नियम राजपत्रात छापले. बुद्ध्यांक कशाने काढायचा, तर त्यात दोनच नावं होती, मिसिक किंवा ‘विस्क-३’ ही परदेशी बुद्ध्यांक चाचणी.

ज्या शहराने देशाला ही साधनं दिली, त्याच शहरात हिंगण्याची किंवा कामठीची एखादी आई आज विचारत फिरते, ‘मॅडम, पोराची तपासणी कुठं करायची?’ मला हे सहन होत नाही. त्यासाठीच मी आज इथे उभी आहे.

त्या आईसमोर आज दोन वाटा आहेत. मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत फारसे पैसे लागत नाहीत, पण तिथल्या माणसांवर गर्दीचा भार फार. खाजगीत वेळ मिळतो, पण पूर्ण तपासणीला काही हजार रुपये मोजावे लागतात, वर रोजी बुडते ती वेगळीच. तिसरी वाट विद्यापीठाच्या प्रशिक्षण क्लिनिकची. क्लिनिकल सायकॉलॉजी शिकणारे विद्यार्थी अनुभवी मानसशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली तपासणी करतात आणि फी नाममात्र ठेवतात.

ही काही नवी कल्पना नाही. जगातलं पहिलं मानसशास्त्रीय क्लिनिक १८९६ साली अमेरिकेत, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातच सुरू झालं. लाइटनर विटमर तिथे शिकवत. त्यांच्याकडे एक शिक्षिका आपल्या वर्गातला मुलगा घेऊन आली. मुलगा हुशार, पण स्पेलिंग काही केल्या जमेना. विटमरनी तपासलं तेव्हा डोळ्यांत दोष निघाला. चष्मा लागला आणि मग शिकवणी सुरू झाली. म्हणजे या शाखेची पहिली केसच शाळेतली, ती आणली शिक्षिकेने, आणि उपाय सुरू झाला चष्म्यापासून. इथे बसलेल्या शिक्षकांनी हे ध्यानात ठेवावं. आजही कुठल्याही चाचणीआधी डोळे आणि कान तपासून घ्यायचे असतात.

आता पालकांच्या मनातला प्रश्न. फी कमी, करणारे विद्यार्थी. म्हणजे काम कच्चं असणार का? फी कशाची असते ते आधी पाहू. मुलासोबतच्या दोन-तीन बैठका, पालकांची मुलाखत, शिक्षकांशी बोलणं, गुण मोजणं, अहवाल लिहिणं असे कितीतरी तास एका मुलामागे जातात. खाजगीत या प्रत्येक तासाची किंमत असते. क्लिनिकमध्ये तेच तास अभ्यासक्रमाचा भाग असतात, म्हणून फी उतरते. शिवाय शिकणारा माणूस घाई करत नाही. त्याची प्रत्येक उत्तरपत्रिका वरिष्ठ पुन्हा तपासतात, अहवालावर सही त्यांची असते. पण ही देखरेख खरीखुरी हवी. नुसती सही करणारं क्लिनिक असेल, तर तिथे मूल नेऊ नका असं मी स्पष्ट सांगेन.

एक उदाहरण सांगते, ओळख पटणार नाही अशा बेताने. पाचवीतला मुलगा. रंगीत ठोकळ्यांची नक्षी त्याने भराभर जुळवली आणि ‘अजून द्या ना’ म्हणाला. मग श्रुतलेखन. ‘विहीर’चं झालं ‘वीहिर’, ‘सूर्य’चा ‘सुरय’, ‘पर्वत’चा ‘परवत’. काना नीट, मात्रा नीट. वेलांटी-उकार आले की ऱ्हस्व-दीर्घाचा गोंधळ, रफार आला की त्याच्या जागी सरळ पूर्ण ‘र’. ऱ्हस्व वेलांटी आपण अक्षराच्या आधी काढतो आणि उच्चारतो नंतर. ज्या मुलाला आवाज आणि खूण यांची सांगड घालायला त्रास होतो, तो नेमका तिथे अडखळतो. आकडे ऐकून उलट क्रमाने सांगतानाही तो तीन आकड्यांपुढे गेला नाही. प्रशिक्षणार्थी मुलीने हे सगळं टिपलं होतं. वाचताना तिसऱ्या ओळीनंतर तो जांभया द्यायला लागला, पुस्तक लांब सरकवलं, हेसुद्धा.

पण सामान्य समज तपासणाऱ्या भागात तिने त्याची काही उत्तरं शून्य धरली होती. (प्रश्न इथे सांगणार नाही, चाचणीची गुप्तता पाळावी लागते.) वरिष्ठांनी रेकॉर्डिंग ऐकलं. पोरगा वऱ्हाडीत बोलत होता, ‘मले’, ‘कायले’, मध्येच हिंदी. उत्तर बरोबर होतं, फक्त पुस्तकी नव्हतं. ते गुण त्याला परत मिळाले. विदर्भात हे फार जपावं लागतं. कुणाच्या घरी वऱ्हाडी, कुणाच्या घरी गोंडी, शाळा कधी मराठी तर कधी इंग्रजी माध्यमाची. घरची भाषा विचारल्याशिवाय कुणी मुलाला मंद ठरवत असेल, तर तो अहवाल मी मानत नाही. मराठीतून वाचन तपासायला आता ‘डाली’सारखी, म्हणजे भारतीय भाषांतली वाचनाची अडचण शोधणारी, साधनं आहेत, नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटरने ती मराठीतही तयार केली आहेत.

आकड्यांबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण सगळ्यात जास्त रडारड तिथे होते. बुद्ध्यांकाची सरासरी १०० धरतात आणि ८५ ते ११५ मध्ये साधारण दोन तृतीयांश मुलं येतात. ८८ आला म्हणून शेजारच्या ९४ वाल्याशी तुलना करू नका. प्रत्येक मोजणीत चार-पाच गुणांची कमीजास्त असतेच. ‘पर्सेंटाइल ३०’ वाचून एक बाबा म्हणाले, ‘म्हणजे नापास?’ नाही हो. त्याच्या वयाच्या शंभर मुलांत साधारण तीस मुलं त्याच्या मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ, आणि ते सरासरीतच मोडतं. आणखी एक गोष्ट, जी अहवालात क्वचितच लिहिलेली दिसते. संशोधक जेम्स फ्लिन यांनी दाखवून दिलं, की चाचणी जुनी होत जाते तसे नव्या पिढीचे गुण दर दशकाला साधारण तीनने फुगतात. मालिन यांचे निकष सुमारे सहा दशकांपूर्वीचे. त्यांच्याबद्दल मला नितांत आदर आहे, पण त्या आकड्यावर डोळे झाकून विसंबता येणार नाही. नवे निकष काढायला शेकडो मुलं तपासावी लागतात, आणि ते काम विद्यापीठाचं क्लिनिक करू शकतं.

या क्लिनिकच्या मर्यादाही सांगायला हव्यात. प्रमाणपत्र इथे मिळत नाही. ते सरकारने नेमलेल्या वैद्यकीय मंडळाकडूनच घ्यावं लागतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अध्ययन अक्षमतेला २१ प्रकारांत जागा दिली, आणि २०१८ च्या नियमांनुसार हे प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षापासून मिळायचं, १४ व्या आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी व्हायची; २०२४ मध्ये ते नियम बदलले, म्हणून आताच्या अटी मंडळाकडेच विचारा. जिवाला धोका असेल, मूल स्वतःला इजा करत असेल, तर क्लिनिकच्या प्रतीक्षायादीत थांबू नका, सरळ रुग्णालय गाठा.

आणि अहवाल हातात आला की पहिलं पान उलटून शिफारशी वाचा. ‘विशेष लक्ष द्यावे’ एवढंच लिहिलं असेल, तर परत जाऊन विचारा: कोण देणार, किती वेळ, कशावर? त्या पाचवीतल्या मुलाच्या अहवालात लिहिलं होतं: रोज वीस मिनिटं, आधी फक्त वेलांटीचे शब्द, बोट ठेवून मोठ्याने, रफार दिवाळीनंतर, इतिहास-भूगोलाची उत्तरं तोंडी घ्यावीत, फळ्यावरचं उतरवून घ्यायला लावू नये. वर्गशिक्षिकेने ते कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. असा अहवाल मागून घ्यायचा तुम्हाला हक्क आहे.

मुलाला क्लिनिकमध्ये आणताना गुणपत्रिका आणाच, पण त्याहून मोलाच्या असतात वह्या, गेल्या वर्षीच्यासुद्धा. खोडरबराचे डाग आणि अर्धी सोडलेली पानं आम्हाला फार काही सांगतात. चष्मा असेल तर तो घालून या. मुलाला पोटभर खाऊ घालून आणा. ‘परीक्षा आहे’ असं सांगू नका आणि घरी सरावही करून घेऊ नका. दहावीच्या सवलती हव्या असतील, तर दहावीच्या डिसेंबरात धावपळ करण्यापेक्षा आठवी-नववीतच कागदपत्रांना लागा. जादा वेळ किंवा लेखनिक मंजूर व्हायला परीक्षा मंडळाच्या पायऱ्या चढाव्या लागतात, आणि त्या लेखनिकासोबत बसून लिहायचा सरावही मुलाला आधीपासून लागतो.