फ्लेवर्ड टीबॅग: नाकाला आवडली, जिभेला पटली का?

टीबॅगचा नवा बॉक्स उघडला की आधी नाक खुश होतं. पीच म्हणा, स्ट्रॉबेरी म्हणा, व्हॅनिला, दालचिनी, सगळं एकदम अंगावर येतं. मग पाणी उकळतं, बॅग बुडते, आपण मोठ्या आशेने पहिला घोट घेतो आणि तोंडात काय येतं, तर जरासं तुरट गरम पाणी. पीच गेला कुठे? या व्हिडिओत तेच बघायचंय, फ्लेवर्ड आणि हर्बल टीबॅग चाखायची कशी आणि चांगली कुठली, सुमार कुठली हे ठरवायचं कशावरून. माझं मत आधीच सांगून टाकते: बॉक्समधल्या वासाला मी एकही मार्क देत नाही. मार्क मिळतात ते घोट गिळल्यावर तोंडात जे उरतं त्याला.

हे असं का होतं बघा. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी, म्हणजे मशरूम-सूपासारखी चव, एवढंच कळतं. पीच कळतो तो नाकाला, आणि नाकात वास शिरायच्या दोन वाटा आहेत, एक बाहेरून हुंगल्यावर आणि दुसरी घोट तोंडात असताना, घशाच्या मागून वर. बॉक्स उघडल्यावर फक्त पहिली वाट चालू असते. खरी परीक्षा दुसऱ्या वाटेवर होते. आता पीचच्या चहात बऱ्याचदा पीच नसतोच, किंवा नावापुरते वाळलेले तुकडे असतात, वास येतो तो पानांवर फवारलेल्या फ्लेवरिंगचा, आणि ही वासाची द्रव्यं पटकन उडून जाणारी असतात, म्हणून तर बॉक्स उघडल्या उघडल्या घमघमाट सुटतो. उकळतं पाणी पडलं की त्यातलं बरंचसं वाफेबरोबर निघून जातं. त्यात आणखी एक गोष्ट, फळ खाताना वासाबरोबर गोडी असते, आंबटपणा असतो, कपात या दोन्ही नसतील तर मेंदूला ते फळ पटतच नाही.

टेस्टिंगसाठी चहा करायची एक आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, आयएसओ 3103, ती पहिल्यांदा 1980 साली आली. 100 मिली पाण्याला 2 ग्रॅम चहा, ताजं उकळतं पाणी, झाकण असलेलं पांढऱ्या पोर्सिलेनचं किंवा चकाकी दिलेल्या मातीचं भांडं आणि वेळ 6 मिनिटं. प्यायला म्हणून 6 मिनिटं जास्तच आहेत, काळा चहा चांगलाच तुरट होतो, पण तो चहा मजेसाठी नसतोच, त्यात दोष लपू नयेत आणि प्रत्येक नमुन्याला सारखीच वागणूक मिळावी म्हणून तसं करतात. आपल्यालाही यातून घ्यायचा तो सारखेपणा. तेच पाणी, तसाच कप, तेवढाच वेळ. लोक एका बॅगेवर मोठा मगभर पाणी ओततात आणि मग चहाच पांचट आहे म्हणतात, हे त्या चहावर अन्याय करणारं आहे. बॅगेवर छापलेलं वजन बघा, त्या हिशोबाने पाणी मोजा, नाहीतर पाकिटावर दिलंय तेवढंच घ्या, पण सगळ्यांना सारखं.

हर्बलचं गणित थोडं वेगळं. मुळं, साली, फुलं यांना अर्क सोडायला वेळ लागतो, 5 ते 10 मिनिटं द्यायची, पाणी अगदी उकळतं हवं, आणि कपावर झाकण ठेवायचंच. पुदिना, कॅमोमाइलची फुलं, गवती चहा यांचा जीव त्यांच्या तेलात असतो आणि ती तेलं वाफेवर स्वार होऊन जातात. झाकण काढलं की त्याच्या आतल्या बाजूचे थेंब हुंगून बघा, निम्मा चहा तिथे सापडेल. ग्रीन टीचा बेस असेल तर मात्र पाणी 75 ते 80 अंशांचं, नाहीतर फ्लेवर कुठलाही असो, कडवटपणाच पुढे येतो.

घोट घेताना भुरका मारायचा, मोठ्ठा, आवाज करत, लाज न बाळगता. भुरक्याबरोबर हवा आत जाते, चहाचा फवारा होऊन तोंडभर पसरतो आणि वास मागच्या वाटेने वर पोचतो. पहिला भुरका पोळणार नाही इतपत गरम असताना. दुसरा कोमट झाल्यावर. आणि तिसरा पार गार झाल्यावर, हा तिसरा कुणी घेत नाही आणि सगळ्यात जास्त तोच बोलतो. उष्णता आणि वाफेने जे झाकलेलं असतं ते गार कपात उघडं पडतं. स्वस्त व्हॅनिलाची साबणासारखी चव, जुनाट पानांचा कागदी वास, जिभेच्या कडांना चिकटून राहणारा कृत्रिम गोडवा, सगळं. चांगला फ्लेवर्ड चहा गार झाल्यावरही प्यावासा वाटतो, माझ्यासाठी ही सगळ्यात मोठी कसोटी आहे.

आता बॅग कापायची. खरंच, कात्रीने कापून पांढऱ्या बशीत ओता, चहाबद्दल एवढं स्पष्ट दुसरं काहीच सांगत नाही. साध्या टीबॅगेत बहुतेक वेळा फॅनिंग्ज आणि डस्ट असते, म्हणजे पानांची प्रतवारी करताना खाली येणारे बारीक कण. त्यांना नावं ठेवायची फॅशन आहे, मला ती पटत नाही. कण बारीक म्हणजे पाण्याला भिडणारा पृष्ठभाग जास्त, म्हणून रंग आणि कडकपणा झटकन उतरतो, टीबॅगचं कामच ते आहे. पण याच कारणाने त्यांचा वासही लवकर उडतो, आणि हर्बलमध्ये तर याचा फार फटका बसतो. कॅमोमाइलची बॅग कापली आणि त्यात फुलांचे पिवळे गोलसर मधले भाग, पांढऱ्या पाकळ्या ओळखू येत असतील तर सफरचंदासारखा गोड वास कपात मिळायची आशा आहे. नुसती करडी भुकटी निघाली तर सुक्या गवताची चव येणार हे आधीच समजा. फ्लेवर्ड बॅगेत कधीकधी छोटे एकसारखे दाणे दिसतात, तो फ्लेवर दाण्याच्या रूपात घातलेला असतो. आणि निळ्या कॉर्नफ्लॉवरच्या, केशरी झेंडूच्या पाकळ्या दिसल्या तर बघून आनंद घ्या, चवीत त्यांचा वाटा नसल्यातच जमा.

बॅगेचा इतिहासही गमतीचा आहे, थोडक्यात सांगते. अमेरिकेत मिलवॉकीच्या रॉबर्टा लॉसन आणि मेरी मॅक्लॅरन यांनी एका कपापुरता चहा कापडी जाळीत धरायची कल्पना मांडली, 1903 साली त्यांना पेटंट मिळालं. 1908 च्या सुमाराची थॉमस सलिव्हन या चहाच्या व्यापाऱ्याची गोष्ट जास्त सांगितली जाते, त्याने नमुने म्हणून रेशमी पिशव्यांतून चहा पाठवला आणि लोकांनी पिशवीसकट तो पाण्यात बुडवला म्हणे. जर्मनीच्या आडोल्फ रॅम्बोल्डने दोन कप्प्यांची बॅग आणली, ती मला चवीसाठी खरी महत्त्वाची वाटते कारण पाणी दोन्ही कप्प्यांच्या चारी बाजूंनी फिरतं आणि पानं गोळा होऊन बसत नाहीत. पिरॅमिड बॅगेचं तत्त्वही तेच, जागा जास्त, पानं मोठी. फक्त ती कशाची बनलीय ते बघा. 2019 साली कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी प्लास्टिकची एक बॅग 95 अंशाच्या पाण्यात ठेवली तर अब्जावधी सूक्ष्म कण सुटतात असं नोंदवलं होतं. मी कागदीच घेते. आणि बॅगेचीही चव असते हं, रिकामी करून नुसत्या गरम पाण्यात बुडवून ते पाणी पिऊन बघा, काही कागद ओल्या पुठ्ठ्यासारखे लागतात आणि नाजूक हर्बलमध्ये ते लगेच कळतं.

आता फ्लेवरकडे. अर्ल ग्रे हा फ्लेवर्ड चहा जोखायला शिकायचा उत्तम नमुना आहे. त्यात बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाच्या सालीचं तेल असतं, हे फळ मुख्यतः इटलीच्या कॅलाब्रियात पिकतं. चांगल्या अर्ल ग्रेमध्ये आधी साल, मग थोडं फूल, आणि त्याखाली चहा, हो, चहा लागलाच पाहिजे. बेस कमजोर असला की वर ओतलेलं तेल परफ्यूमसारखं घशाला लागतं. माझं म्हणणं असं की फ्लेवर कितीही सुंदर असो, खाली चहा सापडत नसेल तर त्याला फ्लेवर्ड चहा म्हणून पास करू नये. याची दुसरी बाजू चीनच्या मोगऱ्याच्या चहात दिसते. तिथे जुन्या पद्धतीत संध्याकाळी उमलणारी मोगऱ्याची फुलं पानांत मिसळून रात्रभर ठेवतात, मग फुलं काढून टाकतात, वरच्या दर्जासाठी हे पुन्हा पुन्हा करतात. पान वास पिऊन घेतं, म्हणून तो दुसऱ्या पाण्यातही टिकतो. फवारलेला वास सहसा पहिल्याच पाण्यात संपतो, तेव्हा तीच बॅग पुन्हा बुडवून बघा.

आणि बेरी! स्ट्रॉबेरी, रास्पबेरी, चेरी, मिक्स बेरी, लाल रंगाचा कुठलाही हर्बल बॉक्स उलटा करून घटक वाचा. बऱ्याचदा पहिलं किंवा दुसरं नाव हिबिस्कसचं, म्हणजे लाल अंबाडीच्या फुलाखालच्या मांसल भागाचं असतं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, म्हणजे तुम्ही मुख्यतः तेच पिताय. तो रंग त्याच्यातल्या अँथोसायनिन या रंगद्रव्याचा आणि आंबटपणाही अंबाडीचाच. खात्री करायची असेल तर त्या लाल चहात चिमूटभर खायचा सोडा टाका, बघता बघता रंग निळसर-हिरव्याकडे झुकतो. हिबिस्कस वाईट नाही, मला स्वतंत्रपणे खूप आवडतो, पण चार बॉक्सांवर चार फळं छापून आत एकच आंबट चव विकायची, हे मला खटकतं. दूध घालायच्या भानगडीत पडू नका, फाटेल.

ज्येष्ठमध दुसरा लपून बसलेला पाहुणा. साखर नाही, तरी घोट गिळल्यावर काही सेकंदांनी घशात मागून गोडी येते आणि जायचं नाव घेत नाही, ते त्याच्यातलं ग्लिसिरायझिन. दालचिनी-लवंगवाल्या मसालेदार मिश्रणांत कंपन्यांना हे फार आवडतं. थोडं असेल तर मसाल्याला गोलाई येते, जास्त झालं की बाकी सगळं गिळून टाकतं. रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी असा चहा रोज कपामागून कप पिऊ नये, ज्येष्ठमधाने दाब वाढू शकतो आणि पोटॅशियम उतरू शकतं.

पुदिन्याचं मात्र मला अजून नवल वाटतं. कप गरम आणि तोंडात गारवा! पुदिन्यातलं मेन्थॉल थंडी ओळखणाऱ्या रिसेप्टरलाच, म्हणजे शरीरातल्या थंडीच्या संवेदकालाच, जागं करतं, म्हणून. तापमान आणि स्पर्शाच्या रिसेप्टर्सच्या शोधासाठी 2021 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल दिलं गेलं. पण याच गुणामुळे पुदिना टेस्टिंगमध्ये शेवटी ठेवायचा, आधी प्यायलात तर पुढचे सगळे कप पुदिन्याचेच लागतील. आधी कॅमोमाइल, मग रुइबॉस (एका झुडपाच्या पानांचा लालसर हर्बल चहा), मग फळं, मग मसाले, मग पुदिना. आणि पुदिन्याच्या बॅगा वेगळ्या घट्ट डब्यात ठेवा, शेजारच्या बिचाऱ्या अर्ल ग्रेला त्याचा वास लागायला वेळ लागत नाही.

रुइबॉसबद्दल एवढंच की तो दक्षिण आफ्रिकेच्या सेडरबर्ग भागातला, कॅफिन नाही, तुरटपणा कमी, विसरून गेलात तरी कडू होत नाही. म्हणूनच फ्लेवरवाल्यांचा तो आवडता बेस आहे, आणि व्हॅनिला त्याच्या लाकडी गोडसर चवीला खरोखर शोभतो.

शेवटी एक टेस्ट, घरी दोघं जण करू शकता. एकाने तीन सारखे कप भरायचे, दोघांत एका कंपनीचा पुदिना, एकात दुसऱ्या कंपनीचा. दुसऱ्याने न बघता वेगळा कप ओळखायचा. नुसत्या अंदाजानेही साधारण तीनातून एकदा बरोबर येतं, म्हणून कप अदलाबदल करून पुन्हा पुन्हा करा. महागडा वेगळा ओळखता येत नसेल तर साधा घ्या. ओळखता आला तर कुठला जास्त आवडला ते नावं उघडायच्या आधी कागदावर लिहा, आणि तिन्ही कप पूर्ण गार होईपर्यंत थांबून पुन्हा एकदा लिहा.